एकाच सतरंजीवर तीन इयत्ता: मुस्लिम घरशाळेत लहानमोठ्या मुलांना एकत्र कसे शिकवावे

मुलांना घरी शिकवायचे ठरवलेल्या कुटुंबात अभ्यासक्रमाचा प्रश्न पुढे येतो, आधी येतो तो वयाचा. १२ वर्षांची थोरली अपूर्णांकांत अडकलेली असते, ८ वर्षांच्या मधल्याचा अम्मा पारा (कुरआनच्या तीस भागांतला शेवटचा) अर्ध्यावर आलेला असतो, ५ वर्षांची धाकटी दर दोन मिनिटांनी पाणी मागते, आणि या तिघांसमोर शिकवणारी आई एकटीच असते. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात राहतो आणि माझ्या तिन्ही मुलांचे शिक्षण गेली चार वर्षे घरीच चालू आहे. नुकतीच सुरुवात केलेल्या आईवडिलांना निदान पहिले वर्ष सोपे जावे, म्हणून जे करून पाहिले आणि टिकले, ते पायरीपायरीने लिहिते आहे.

सुरुवातीला मी तीन मुलांची तीन वेळापत्रके करून स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवली होती. प्रत्येकाला रोज सहा तासिका, म्हणजे माझ्या एकटीच्या माथी अठरा. चौथ्या दिवशी डाळ करपली, धाकटी रडत झोपली आणि थोरलीचे गणित संध्याकाळपर्यंत तपासलेच गेले नाही. चूक मुलांची नव्हती, घरात तीन शाळा चालवण्याच्या माझ्या कल्पनेची होती. खरे तर एका जागी अनेक वयांची मुले शिकवण्याची रीत आपल्याला नवी नाही. गावातल्या मकतबमध्ये (कुरआन शिकवणाऱ्या शाळेत) एकाच चटईवर कायदा (अरबी अक्षरांची पहिली पुस्तिका) वाचणारे पोर आणि विसावा पारा वाचणारा मुलगा शेजारी बसतात, प्रत्येक जण आपापला सबक घोकतो आणि उस्ताद एकेकाला जवळ बोलावून ऐकतात. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळांमध्येही चार वर्ग दोन खोल्यांत बसतात आणि शिक्षक त्याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. घरशाळेची घडी याच दोन ठिकाणांकडे पाहून बसवावी.

पहिली पायरी: कागदपत्रे आणि पुढच्या परीक्षांचा विचार

हे काम कंटाळवाणे असले तरी आधी उरकून टाकावे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांना लागू आहे, आणि घरशिक्षणासाठी आपल्याकडे वेगळा कायदा किंवा वेगळी नोंदणी नाही. त्याच कायद्यात अशीही तरतूद आहे, की शाळेत न गेलेल्या मुलाला पुढे त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो. त्यामुळे घरशिक्षण जमले नाही तर परतीची वाट बंद होत नाही, हे आजीआजोबांना आधीच नीट समजावून सांगावे. त्यांची काळजी खरी असते आणि तिला उत्तर द्यायलाच हवे.

मूल आधी शाळेत जात असेल तर शाळा सोडल्याचा दाखला घ्यावा आणि जन्मदाखला व आधार यांच्यासोबत एका फायलीत ठेवावा. तिन्ही कागदांवर नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हे तपासावे. आपल्या नावांत शेख, सय्यद, मोहम्मद यांची स्पेलिंगे जागोजागी बदललेली असतात आणि दहावीच्या अर्जाच्या वेळी त्याचा फार त्रास होतो. परीक्षेचे दोन मार्ग बहुतेक कुटुंबे धरतात. एक राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा. तिच्याकडे तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष असे टप्पे आहेत, माध्यमिक परीक्षेसाठी वयाची १४ वर्षे पूर्ण लागतात आणि ही परीक्षा मराठी किंवा उर्दू माध्यमातूनही देता येते. दुसरा मार्ग राज्य मंडळाच्या दहावीला बाहेरून बसण्याचा, ज्याला सगळे सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात. कोणता मार्ग घ्यायचा, हे थोरले मूल ११-१२ वर्षांचे झाले की ठरवावे. त्याआधी त्याची चिंता करत बसू नये.

दुसरी पायरी: शिडीचे विषय आणि अंगणाचे विषय

सगळ्या पद्धतीचा कणा ही पायरी आहे. एका कागदाचे दोन भाग करावेत. डावीकडे शिडीचे विषय लिहावेत, म्हणजे ज्यात खालची पायरी चढल्याशिवाय वरची चढता येत नाही: कायदा आणि नाजरा (पाहून वाचायचा) कुरआन, वाचन-लेखन, गणित. इथे प्रत्येक मूल आपल्या पायरीवर उभे असते आणि त्याला तिथेच भेटावे लागते. उजवीकडे अंगणाचे विषय लिहावेत, म्हणजे ज्यात पाच वर्षांचे आणि बारा वर्षांचे मूल एकाच अंगणात खेळू शकते आणि ज्याला जितकी उडी मारता येईल तितकी तो मारतो: पैगंबरांच्या गोष्टी, सीरत (पैगंबर मुहम्मद यांचे चरित्र), वुजू (नमाजआधीचे हात-पाय धुणे), नमाज, रोजा यांची माहिती, विज्ञान, भूगोल, इतिहास, कविता, हस्तकला.

शिडीचे विषय वेगवेगळे, थोडा वेळ आणि रोज घ्यावेत. अंगणाचे विषय सगळ्यांना एकत्र, निवांतपणे आणि आठवड्यातून मोजके दिवस घ्यावेत. नवख्या आया नेमके उलटे करतात. कुरआन आणि गणित सगळ्यांना मिळून शिकवायला जातात, त्यात मधला मागे पडतो आणि थोरली कंटाळते. आणि विज्ञान तीन वेगवेगळ्या इयत्तांच्या तीन पुस्तकांतून तीनदा शिकवतात, त्यात आई संपून जाते.

पाठ्यपुस्तकांचा उपयोग मोजपट्टीसारखा करावा. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात, आणि मराठीबरोबर उर्दू माध्यमाचीही निघतात. आम्ही गणिताचे एकाच इयत्तेचे मराठी आणि उर्दू पुस्तक शेजारीशेजारी ठेवतो. पान तेच, उदाहरण तेच, फक्त भाषा वेगळी; उर्दूतली गणिती परिभाषा मुलांना याच वाटेने कळली, त्यासाठी वेगळा तास घ्यावा लागला नाही.

तिसरी पायरी: नमाजच्या वेळांवर दिवस बांधणे

घड्याळावर बांधलेले वेळापत्रक आमच्या घरात कधीच टिकले नाही, नमाजच्या वेळांवर बांधलेले टिकले. पाच वेळा (फजर पहाटे, जोहर दुपारी, असर तिसऱ्या प्रहरी, मगरिब सूर्यास्तानंतर, इशा रात्री) सगळे घर तसेही थांबते, हात-पाय धुते आणि एकत्र येते. एक काम संपवून दुसरे सुरू करायला याहून चांगली खूण कुठून आणणार? वेळा मात्र वर्षभर सरकतात. आमच्याकडे मगरिब नोव्हेंबरात सहाच्या सुमारास होते आणि जुलैमध्ये सव्वासातच्या आसपास. म्हणून ‘सहा वाजता गोष्ट’ असे न लिहिता ‘मगरिबनंतर गोष्ट’ असे लिहावे.

आमचा दिवस साधारण असा जातो. फजरनंतर कुरआन, सगळ्यांचा, एकाच सतरंजीवर. नाश्ता आणि घरकाम झाल्यावर जोहरपर्यंत भाषा आणि गणित. जेवण आणि विश्रांती झाल्यावर अंगणाचा विषय, आठवड्यातून चार दिवस. असर ते मगरिब खेळ, शेजारची मुले, सायकल. मगरिबनंतर सीरत किंवा पैगंबरांची गोष्ट, तीही अर्ध्या तासाहून जास्त नाही. इशानंतर काहीही नाही.

शिडीच्या विषयांत कोणाला आधी घ्यायचे, याचे माझे उत्तर ठाम आहे: सगळ्यांत लहान मुलाला. त्याच्याजवळ १० ते १५ मिनिटे पूर्ण लक्ष देऊन बसावे, मांडीवर घ्यावे, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. त्याचे पोट भरले की ते स्वतःहून उठून जाते आणि पुढचा पाऊण तास इतरांना मिळतो. त्याला शेवटी ठेवले तर ते सगळ्यांच्याच धड्यात घुसते. त्या वेळात थोरलीने काल शिकलेल्या गोष्टीचा सराव करावा, नवे काही नाही, कारण नव्या धड्याला प्रश्न पडतात आणि प्रश्न पडले की ती मध्येच हाक मारते. मधल्याला साधारण २५ मिनिटे द्यावीत आणि थोरलीचा नवा धडा शेवटी, ४० ते ४५ मिनिटांचा, शांतपणे घ्यावा.

हदीसमध्ये सातव्या वर्षापासून मुलांना नमाजकडे वळवण्याची शिकवण आहे. धाकटी त्याआधीच जानमाज अंथरून शेजारी उभी राहते, मध्येच पळून जाते, पुन्हा येते. तिला टोकू नये. मधल्याला रकाती, म्हणजे नमाजची आवर्तने, मोजायला सांगाव्यात: फर्ज (बंधनकारक) २, ४, ४, ३ आणि ४, मिळून १७. ही बेरीज त्याने पहिल्यांदा बोटांवर केली आणि आता तोच धाकटीला करून दाखवतो.

चौथी पायरी: कुरआन आणि लिप्या

सतरंजीवर सगळे एकत्र बसत असले तरी सबक ज्याचा त्याचा. धाकटी नुरानी कायद्यावर आहे, मधला अम्मा पाऱ्यावर, थोरली नाजरा पूर्ण करून हिफ्ज, म्हणजे कुरआन पाठ, करते आहे. मदरशांत हिफ्जसाठी तीन शब्द वापरतात आणि ते घरातही कामी येतात: सबक म्हणजे आजचा नवा धडा, सबकी म्हणजे गेल्या काही दिवसांचे ताजे पाठ, आणि मंजिल म्हणजे जुन्याची उजळणी. सबक नेहमी मोठ्या माणसानेच ऐकावा. मखरज (अक्षराच्या उच्चाराची जागा) पहिल्या दिवशी चुकला की तो जिभेवर बसतो आणि पुढे सहा महिने निघत नाही. ज्यांना स्वतःच्या तजवीदची, म्हणजे शुद्ध पठणाची, खात्री नाही, त्यांनी आठवड्यातून तीन दिवस तरी जाणत्या उस्तादांकडे किंवा आपाजानकडे मुलांना बसवावे. यात कमीपणा मुळीच नाही. सबकी मात्र थोरली मधल्याची ऐकू शकते, आणि मंजिलच्या वेळी तर सगळ्यांनी मिळून म्हणावे. अम्मा पाऱ्यात ३७ सूरा (अध्याय) आहेत आणि त्यातल्या शेवटच्या लहान सूरा धाकटीला कायद्यातली अक्षरे ओळखू येण्याआधीच, नुसत्या कानावर पडून पाठ झाल्या. वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र बसवण्याचा हा फार मोठा लाभ आहे.

लिप्यांबाबत सावध राहावे. आपल्या मुलांसमोर देवनागरी, रोमन, अरबी आणि उर्दू अशा चार गोष्टी एकदम येतात. दोन डावीकडून उजवीकडे, दोन उजवीकडून डावीकडे. माझे मत असे, की एका मुलाला एका महिन्यात दोन नव्या लिप्या सुरू करू नयेत. आधी कायद्यातून अरबी अक्षरांची ओळख आणि त्याबरोबर तोंडी मराठी, मग देवनागरी, ती हातात बसली की रोमन, आणि उर्दू लिपी हा अरबी कायदा संपल्यावर, कारण तोपर्यंत बहुतेक अक्षरे ओळखीची झालेली असतात आणि पे, टे, चे, डाल, ड़े, गाफ अशी मोजकीच नवी उरतात. अंक मात्र उजवीकडून चालणाऱ्या लिपीतही डावीकडून उजवीकडेच लिहिले जातात, हे मुलाला बोट धरून दाखवावे. मधल्याने कितीतरी दिवस ३२ चे २३ केले होते आणि मी त्याला निष्काळजी म्हणत राहिले. तो निष्काळजी नव्हता, फक्त कोणत्या दिशेने चालायचे हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

पाचवी पायरी: अंगणाचा एक धडा, जवळून पाहिलेला

नुसते तत्त्व वाचून हात चालत नाहीत, म्हणून आमच्या घरचा एक धडा सविस्तर लिहिते. विषय असरची वेळ.

अंगणात सपाट जागा पाहून ३० सेंटिमीटर उंचीची काठी ओळंब्यात उभी करावी. धाकटीचे काम खडूचे: सावलीचे टोक जिथे पडेल तिथे तिने फुली मारायची. मधल्याचे काम पट्टीचे: त्याने प्रत्येक फुलीचे अंतर मोजून वहीत वेळेसमोर लिहायचे. साडेबारा वाजण्याच्या आधीपासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी मोजले, की सावली आखूड होत होत एका जागी थांबते आणि मग पुन्हा वाढू लागते. तो क्षण जवालचा, आणि सावली वाढू लागली की जोहरची वेळ सुरू. मुलांनी हे शब्द घरात हजारदा ऐकलेले असतात, पण खडूची फुली मागे फिरताना पाहिली त्या दिवशी धाकटीने धावत येऊन सांगितले, ‘अम्मी, सावली परत चालली!’

आता थोरलीचे काम. जानेवारीच्या मध्यात आमच्याकडे ३० सेंटिमीटरच्या काठीची दुपारची सर्वांत आखूड सावली सुमारे २३ सेंटिमीटर भरते. शाफई मसलकात (धर्माचरणाच्या परंपरेत) ही मूळ सावली सोडून वस्तूच्या उंचीइतकी सावली झाली की असर सुरू होते, म्हणजे २३ आणि ३० मिळून ५३ सेंटिमीटरला. हनफी मसलकात उंचीच्या दुप्पट, म्हणजे २३ आणि ६० मिळून ८३ सेंटिमीटरला. आम्ही कोकणी लोक बहुतेक शाफई, माझे सासर-माहेर दोन्ही तसेच. पण घाटावरचे आमचे सोयरे हनफी आहेत आणि त्यांच्याकडे मुक्कामी गेलो की असरची अजान उशिरा का होते, हा प्रश्न मुलांना दर सुट्टीत पडायचा. थोरलीने आलेख काढला, ५३ वर आणि ८३ वर आडव्या रेषा मारल्या आणि दोन्ही वेळा त्यावरून वाचल्या. मसलकांतला फरक भांडणाचा नाही, मोजण्याच्या रीतीचा आहे, हे मी तिला कितीही सांगितले असते तरी त्या आलेखाइतके पटले नसते.

हाच धडा मे महिन्यात पुन्हा करावा. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. रत्नागिरीत तो दिवस मेच्या पहिल्या पंधरवड्यात येतो, मुंबईत मेच्या मध्यावर. दुसरा दिवस पुढे पावसाळ्यात येतो आणि ढगांत हरवतो. सूर्य डोक्यावर येईल त्या दिवशी काठीची मूळ सावली शून्य होते, मग असरसाठी नुसते ३० किंवा ६० मोजले तरी पुरते. मेमधल्या त्या दिवसानंतर पावसाळ्यातल्या दुसऱ्या दिवसापर्यंत दुपारची सावली दक्षिणेकडे पडते, जी इतर वेळी उत्तरेकडे पडते. मधल्याने हे आपणहून हेरले आणि थोरलीने पृथ्वीच्या कललेल्या अक्षाचे चित्र काढून त्याला समजावले. विज्ञान, भूगोल, गणित आणि फिक्ह (धर्माचरणाचे नियम), चारही विषय एका काठीवर झाले.

अशा धड्यांची सवय लागली की ते सगळीकडे दिसू लागतात. हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांची गोष्ट कुरआनच्या १२ व्या सूरेत, १११ आयतींत (वचनांत) येते. धाकटीने ती ऐकावी आणि विहीर, लांडगा, राजाच्या स्वप्नातल्या सात धष्टपुष्ट आणि सात रोड गायी यांची चित्रे काढावीत. मधल्याने घटना क्रमाने लावाव्यात आणि कनआनहून मिसरला (इजिप्तला) जाणारी वाट नकाशात शोधावी. थोरलीने दुष्काळाच्या सात वर्षांसाठी साठवणीचा हिशेब करावा: आपल्या घराला महिन्याला तांदूळ किती लागतो, सात वर्षांना किती लागेल, तो ठेवायचा कुठे. धान्य कणसातच ठेवावे, असे त्या सूरेत येते. आमच्या जुन्या घरात चुलीवरच्या आढ्याला बियाण्याची कणसे टांगलेली असायची, ती सासूबाईंनी मुलांना दाखवली तेव्हा मला काही बोलावेच लागले नाही.

जकातीचे, म्हणजे संपत्तीच्या चाळिसाव्या हिश्श्याच्या दानाचे, गणित असेच. धाकटीने चिंचोक्यांच्या चाळीस-चाळीसच्या राशी कराव्यात आणि प्रत्येक राशीतून एक चिंचोका बाजूला ठेवावा. मधल्याने ८००० रुपयांचा चाळिसावा भाग काढावा, २०० येतात. थोरलीने तोळ्याचे ग्रॅम करावेत: एक तोळा ११.६६४ ग्रॅम धरला तर सोन्याचा निसाब (जकात लागू होण्याची किमान मर्यादा) साडेसात तोळे म्हणजे ८७.४८ ग्रॅम आणि चांदीचा साडेबावन्न तोळे म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. मग त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातला भाव घेऊन दोन्ही निसाबांची किंमत काढावी आणि त्यांत इतका फरक का पडतो, यावर अब्बांशी बोलावे. वारसाहक्काचे अपूर्णांकही तिला याच वयात शिकवावेत. २४ गुंठे जमीन, मागे पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी: पत्नीचा आठवा हिस्सा ३ गुंठे, उरलेल्या २१ मध्ये मुलाचे १४ आणि मुलीचे ७. मधला २४ चिंचोके मांडून तिचे उत्तर तपासतो. मुलीला आपला हिस्सा शरीअतने ठरवून दिला आहे आणि तो मागणे म्हणजे भावाशी वैर करणे नव्हे, हे तिला गणिताच्या वहीतच कळलेले बरे.

सहावी पायरी: थोरल्या मुलाचा हक्क

एकत्र शिकवण्यात सगळ्यांत मोठा धोका इथे आहे आणि मी स्वतः त्यात पडले आहे. थोरले मूल समजूतदार असते, म्हणून त्याला नकळत दुसरी आई करून टाकले जाते. लहान भावंडाला शिकवल्याने थोरलीचे स्वतःचे पक्के होते हे खरे, पण दिवसाला १५ मिनिटे, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या विषयात. त्यापलीकडे तिचा वेळ तिचा. तिचा नवा धडा कोणत्याही कारणाने दोन दिवस सलग रद्द झाला, तर तिसऱ्या दिवशी बाकी सगळे बाजूला ठेवून तो आधी घ्यावा.

तिने सुधारण्याचीही मर्यादा ठरवून द्यावी. एका दुपारी पाहुणे आले होते, मधला त्यांना सूरा म्हणून दाखवत होता, आणि थोरलीने आतल्या खोलीतून ओरडून त्याची चूक दुरुस्त केली. चूक बरोबर पकडली होती. पण त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे तो माझ्यासमोरही पुटपुटत वाचायचा, आवाज बाहेर काढायचाच नाही. मला कारण कळायलाच दोन आठवडे लागले. तेव्हापासून आमचा नियम असा, की आयत पूर्ण होईपर्यंत कोणी मध्ये बोलायचे नाही आणि चूक सांगायची ती ज्याने धडा ऐकायला घेतला आहे त्यानेच. भावंडांच्या प्रगतीचा तक्ता भिंतीवर लावू नये, ताईचे या वयात इतके झाले होते असे म्हणू नये. प्रत्येकाची वही वेगळी ठेवावी आणि ती दुसऱ्यासमोर उघडू नये.

सगळ्यांत लहान, म्हणजे दोन-तीन वर्षांचे मूल घरात असेल, तर त्याच्यासाठी एक टोपली फक्त अभ्यासाच्या वेळी काढावी: झाकणांचे डबे, कणकेचा गोळा, कापडाचे तुकडे, मापटे आणि थोडे तांदूळ. अभ्यास संपला की टोपली वर. चिंचोके आणि मणी मात्र त्याच्या हाताला लागू देऊ नयेत.

सातवी पायरी: रमजानचे वेळापत्रक वेगळे

हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते, त्यामुळे रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस आधी येतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. २०३० मध्ये तर तो जानेवारीतही येईल आणि डिसेंबरातही. थोरलीने हे स्वतः मांडून काढावे. मधल्याने शाबानच्या (रमजानआधीच्या महिन्याच्या) २९ तारखेपासून चंद्र दिसला की नाही याची नोंद ठेवावी. धाकटीने चंद्रकोर रोज काढावी.

त्या महिन्यात कुरआन सोडून शिडीच्या बाकी विषयांतले नवे धडे थांबवावेत आणि उजळणी ठेवावी. सहरी आणि फजरनंतर थोडी झोप, मग सकाळी दहा ते बारा हलका अभ्यास, दुपारी विश्रांती. रोजा ठेवणाऱ्या मुलाला आणि न ठेवणाऱ्या मुलाला एकाच तागडीत तोलू नये. तरावीहमुळे, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या जादा नमाजमुळे, जागरण होते, म्हणून कुरआनचा सबक सोडून बाकी सगळे मागे पडले तरी चालेल, असे मनाशी आधीच ठरवून टाकावे. हे महिनाभराचे नुकसान धरू नये, वर्षाच्या नियोजनातच ते चार आठवडे वेगळे काढावेत.

आठवी पायरी: नोंद ठेवणे

दर जुम्म्याच्या दिवशी प्रत्येक मुलाच्या वहीत तीन ओळी लिहाव्यात: कुरआनमध्ये कुठवर आले, गणितात काय जमले, काय अडले. याहून लांब नोंद कोणी महिनाभरही ठेवत नाही. तीन महिन्यांनी बालभारतीच्या त्या इयत्तेच्या पुस्तकातले स्वाध्याय देऊन पाहावेत, म्हणजे शिडीवर मूल कुठे उभे आहे ते कळते. मधला गणितात इयत्तेच्या पुढे आणि मराठी लेखनात मागे, असे दिसले तर घाबरू नये. शाळेतही तसेच असते, तिथे ते सरासरीत झाकले जाते.

पहिले चार आठवडे

पहिल्या आठवड्यात फक्त फजरनंतरचा कुरआन आणि मगरिबनंतरची गोष्ट एवढेच करावे. बाकी दिवस मोकळा सोडावा, मुले कंटाळली तरी चालेल. दुसऱ्या आठवड्यात जोहरआधी भाषेचा धडा घालावा, लहानापासून सुरुवात करून. तिसऱ्या आठवड्यात गणित. चौथ्या आठवड्यात अंगणाचा एकच विषय, एकच दिवस. आकाश मोकळे असेल तर सावलीचा. पावसाळा असेल तर जकातीचे चिंचोके घ्यावेत, आणि काठी, खडू व पट्टी एका पिशवीत घालून दाराशी टांगून ठेवावी, म्हणजे ऊन पडेल त्या दिवशी शोधत बसावे लागणार नाही.